ट्रेलरवर नेण्याआधी शीडहोडीची डोलकाठी कशी उतरवावी

डोलकाठी उतरवताना सगळ्यांची भीती असते ती पहिल्या क्षणाची: पुढचा तार सुटला आणि काठी मागे झुकायला लागली, तो क्षण. खरं तर तिथे फारसं काही होत नाही. उभ्या काठीचं वजन सरळ खाली, तिच्या बुडावर येतं. दोराला जवळजवळ काहीच पेलावं लागत नाही. काठी जसजशी आडवी होत जाते तसतसा दोरावरचा भार चढत जातो आणि शेवटच्या हातभर अंतरात तो सर्वाधिक असतो. नेमकी तेव्हाच माणसं "झालं आता" म्हणून सैल पडतात. म्हणून पुढची तयारी थोडी जास्तच वाटली तरी ती त्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवा.

हा लेख 18 ते 22 फुटी, छोटी केबिन असलेल्या होड्यांसाठी आहे. त्यांची अॅल्युमिनियमची डोलकाठी साधारण 7 ते 8.5 मीटर लांब असते, तारांसकट वजन 20 ते 30 किलो, आणि ती केबिनच्या छतावर बिजागरासारख्या पायात उभी असते. यापेक्षा लहान, एका माणसाच्या डिंगीची काठी दोन हातांनी सरळ वर उपसून काढतात. तिथे वाऱ्याकडे आणि वरच्या तारांकडे लक्ष दिलं की झालं.

जागा आणि वारा

सर्वांत आधी मान वर करून पाहा. विजेच्या तारा हा या कामातला एकमेव असा धोका आहे जिथे दुसरी संधी मिळत नाही. अॅल्युमिनियमची काठी आणि स्टीलचे तार, दोन्ही वीज वाहून नेतात, आणि उच्च दाबाच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्श व्हायचीही गरज नसते. काठीच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुठेही वरून तार जात नसेल अशीच जागा निवडा. काठी उतरवायच्या जागेपासून ट्रेलर थोडा पुढे-मागे हलवावा लागणार असेल तर तोही रस्ता आधी चालून बघा.

वारा ताशी 18 किलोमीटरच्या, म्हणजे 10 नॉटच्या, वर असेल तर थांबा. त्याखालीही वारा आडवा नको. होडीचं तोंड वाऱ्याकडे किंवा वाऱ्याच्या उलट दिशेला असू द्या.

ट्रेलर गाडीला जोडलेलाच असला पाहिजे. ही सूचना बारीक वाटते, पण गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरवर होडीच्या मागच्या भागात दोन माणसं चढली की ट्रेलर पुढून उचलला जाऊन होडी मागे बसू शकते, आणि तेव्हा काठी अर्ध्यावर असेल तर काय होईल ते सांगायला नको. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, होडी ट्रेलरला मागच्या पट्ट्यांनी आधीच बांधून घ्या. जमीन डाव्या-उजव्या बाजूने सपाट हवी. होडी एका अंगाला कलली असेल तर काठी खाली येताना त्याच अंगाला पडायला बघते.

आधी काय काय निघालं पाहिजे

शिडं उतरवा. मोठ्या शिडातल्या पट्ट्या (बॅटन) काढून मगच घडी घाला. पट्टीसकट दुमडलेल्या शिडाला तिथे कायमची मोड पडते. ओलं शीड पिशवीत भरू नका, बुरशीचे डाग निघत नाहीत. बूम (मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा) काढून बाजूला ठेवा, तिचा पुढे उपयोग होऊ शकतो. शीड चढवायच्या दोऱ्यांची (हॅलयार्ड) टोकं काठीच्या बुडाशी पक्की बांधा. मोकळं टोक एकदा वर गेलं की काठी आडवी होईपर्यंत हाती लागत नाही, आणि ते पोकळ काठीच्या आत शिरलं तर पुढची दुपार तुमची तिथेच गेली.

सुकाणू आणि मागे लावलेलं इंजिन काढता येत असेल तर काढा. मागचा तार (बॅकस्टे) सैल पडल्यावर अडकायची त्याची ही आवडती ठिकाणं.

काठीच्या बुडाशी दिव्याची आणि रेडिओच्या अँटेनाची वायर जिथे जोडलेली असते, ती जोडणी आत्ताच सोडा. उतरवताना काठीचं बूड बिजागरात फिरतं आणि वायर मध्ये राहिली तर ती कात्रीसारखी कापली जाते. सोडलेल्या जोडणीची दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टाका. काठीच्या शेंड्यावरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र आणि अँटेना मात्र काठी खाली आल्यावरच काढता येतात. काठी टेकवताना ती दोन्ही मोडतात, तेवढं ध्यानात असू द्या.

तारांच्या खुणा

काठी दोन्ही बाजूंना जे तार धरून ठेवतात ते श्राउड, पुढचा फोरस्टे, मागचा बॅकस्टे. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला ताण कमी-जास्त करायचा टर्नबकल असतो. सैल करण्याआधी प्रत्येक टर्नबकलच्या बाहेर दिसणारे आटे मोजा किंवा त्यांच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा एक वेढा द्या. पुढच्या वेळी काठी उभी करताना बरोबर तिथपर्यंत फिरवलं की काठी सरळ उभी राहते. डावा आणि उजवा वेगळ्या रंगाने ओळखता आला तर उत्तम, कारण सारखे दिसणारे दोन तार पाच-सात मिलिमीटरने लहान-मोठे असू शकतात.

टर्नबकल फिरवताना घट्ट लागला तर जोर करू नका. स्टीलवर स्टील कोरडं घासलं की आटे एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात, त्याला पान्याचा जोर वाढवणं हा इलाज नाही, उलट तेच कारण असतं. थोडं वंगण सोडा, पाच मिनिटं थांबा, अर्धा वेढा पुढे, अर्धा मागे असं करत सोडवा.

पिना आणि त्यांच्या कड्या काढल्या की लगेच आपापल्या जागी परत घाला. खिशात ठेवलेली छोटी स्टीलची कडी संध्याकाळपर्यंत सापडत नाही. सुटी फाटेदार पिन (कॉटर पिन) पुन्हा वापरू नका. दोनदा वाकवलेली पिन तिसऱ्यांदा तुटते. अशा दहा-बारा पिना आणि तीन-चार जास्तीच्या क्लेव्हिस पिना (तार अडकवायच्या जाड पिना) डब्यात कायम असाव्यात.

भाराचं गणित आणि उभारणी दांडा

एक उदाहरण घेऊ. काठी 8 मीटर लांब, 25 किलो वजनाची, तिचा तोल मध्यावर, म्हणजे बुडापासून 4 मीटरवर. फोरस्टे काठीला 7 मीटर उंचीवर जोडलेला, बूड होडीच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) अडीच मीटर मागे आणि नाळेपेक्षा 60 सेंटिमीटर उंच. आता तुम्ही फोरस्टेच्या जागी एक दोर बांधून तो नाळेवरून सोडत काठी मागे उतरवता आहात असं धरा. काठी आडव्या रेषेपासून 45 अंशांवर आली की दोरावर सुमारे 70 किलो ताण असतो. 30 अंशांवर 160 किलो. 20 अंशांवर 440 किलो. काठी तीच, वजन तेच. पण दोर काठीला जवळजवळ समांतर झालेला असल्यामुळे त्याची पकड संपलेली असते. आणखी खाली तो केबिनच्या छतावर टेकतो आणि त्याचा उपयोगच राहत नाही.

याला उत्तर म्हणजे काठीच्या बुडाशी काटकोनात पुढे लावलेला एक दांडा, ज्याला जिन पोल म्हणतात. वरच्या उदाहरणात 2 मीटरचा दांडा लावला तर 45 अंशांवर ताण 37 किलोच्या आसपास, आणि काठी पूर्ण आडवी झाली तरी 72 किलो. त्यात चौपट कप्पी घातली की हातात 18 किलो येतं, आणि कप्पीतलं घर्षण उतरवताना आपल्याच बाजूने काम करतं. एक माणूस आरामात सांभाळू शकतो.

दांडा म्हणून 50 मिलिमीटर व्यासाची, 3 मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी पुरते. काढलेली बूम तिच्या नेहमीच्या जोडणीत पुढच्या दिशेला बसवता येत असेल तर तीही चालते. दांड्याचं पुढचं टोक वर जिब हॅलयार्डने (पुढचं शीड चढवायच्या दोराने) काठीला बांधायचं, खाली कप्पीने नाळेला. जिब हॅलयार्ड काठीवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) नुसता अडकवून सोडू नका. वेढे द्या आणि वरून एक गाठ मारा, कारण पूर्ण काठी त्याच्यावर टांगलेली आहे.

बहुतेक होड्यांवर मोठ्या शिडाच्या दोरासाठी (मेनशीट) चौपट कप्पी असतेच, तीच वापरली जाते. इथे एक फसगत होते. दांड्याच्या टोकापासून नाळेपर्यंतचं अंतर काठी आडवी होईपर्यंत 3.6 मीटर होतं. चार पदर म्हणजे साडेचौदा मीटर, वर हातात धरायला अडीच-तीन मीटर. म्हणजे 17-18 मीटर दोर हवा. मेनशीट अनेकदा याहून लहान असते, आणि दोर संपल्याचं कळतं तेव्हा काठी 30 अंशांवर लटकलेली असते. जमिनीवर आधी पसरून मोजा. दोर 8 मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बारीक दोर ताकदीला पुरतो, पण हाताला कापतो. मोकळ्या टोकाला आठाची गाठ मारून ठेवा.

दांडा डावी-उजवीकडे कोलमडू नये म्हणून त्याच्या टोकापासून दोन्ही कडांना एकेक दोरी लागते. या दोऱ्या खाली कुठे बांधायच्या याला महत्त्व आहे. काठी ज्या पिनेभोवती फिरते, त्या पिनेच्या रेषेत दोन्ही बाजूंना त्या बांधल्या तर पूर्ण प्रवासात त्यांची लांबी तीच राहते. पुढे किंवा मागे बांधल्या तर त्या मध्येच सैल पडतात किंवा ताणून तुटायला येतात.

हीच गोष्ट काठीला बाजूने धरणाऱ्या तारांची. श्राउडचे खालचे टेकू (चेनप्लेट) बहुतेक होड्यांत पिनेपेक्षा खाली आणि थोडे मागे असतात, त्यामुळे काठी मागे झुकायला लागली की हे तार सैल पडतात आणि मधल्या टप्प्यात काठी आडवी डुलू लागते. तशी डुलत ती एका अंगाला गेली तर पायाचं बिजागर पिळवटून फाटतं. तेव्हा काठीवर दीड-दोन मीटर उंचीवर दोन्ही बाजूंनी तात्पुरते दोर बांधा आणि त्यांची खालची टोकं पिनेच्या उंचीला, पिनेच्याच रेषेत येऊ द्या. डेकवर त्या उंचीला काही नसेल तर एक स्टीलची कडी घ्या. तिला वरून काठीचा दोर, खालून दोन दोर डेकच्या कडेला, एक पुढे आणि एक मागे, अशा तिघांनी हवेत पिनेसमोर ताणून धरा. पाच मिनिटांचं काम आहे आणि एकदा मापं जमली की ते दोर तसेच पिशवीत ठेवता येतात.

उतरवणं

तीन माणसं असली की काम सुटसुटीत होतं. एक कप्पीच्या दोरावर, एक मागे कॉकपिटमध्ये, एक मोकळा, तारांवर नजर ठेवणारा. आवाज फक्त दोरावरच्या माणसाचा, आणि कुणीही "थांब" म्हटलं की सगळे थांबले, हे आधीच ठरवा.

होडीच्या मागच्या टोकाला काठी टेकायला आधार उभा करा, वर रबरी रोलर असलेला. तो जितका उंच तितकं बरं: काठी पूर्ण आडवी होण्याआधीच, 10-15 अंशांवर, टेकते आणि सर्वाधिक भाराचा तुकडा टळतो.

1. पुढच्या बाजूला लावलेले खालचे श्राउड (काठीला शेंड्याऐवजी मध्याजवळ जोडलेले) असतील तर ते सोडा. हे सोडायचे राहिले तर काठी मागे येतच नाही आणि लोक ती ओढत बसतात. मागचे खालचे आणि वरचे श्राउड तसेच राहू द्या, फक्त दोन-तीन वेढे सैल करा.

2. बॅकस्टे चांगला सैल करा, पण काढू नका.

3. कप्पीचा दोर ताणून काठीचा सगळा ताण त्याच्यावर घ्या आणि दोर क्लीटला बांधा. फोरस्टे आता ढिला लोंबायला हवा.

4. फोरस्टेची पिन हाताने काढा. हाताने निघत नसेल तर अजून ताण त्याच्यावरच आहे. हातोडी घेऊ नका, कप्पी आणखी ओढा. काठीला दुसरं काहीतरी धरून आहे याची खात्री असल्याशिवाय ही पिन कधीही काढायची नाही. या कामातले अनेक वाईट अपघात याच एका पिनेचे असतात.

5. दोराचा क्लीटवर एक वेढा ठेवून हळूहळू सोडा. सुरुवातीला काठी जागची हलणार नाही, मागच्या माणसाने बॅकस्टे धरून हलका ओढा द्यावा.

दर 15-20 अंशांना थांबा आणि तिसऱ्या माणसाने दोन्ही बाजूंचे टर्नबकल बघावेत. सैल पडलेला तार डेकवर वाकून बसतो, टर्नबकल आडवा अडकतो आणि काठीच्या वजनाने त्याचा दांडा वाकतो. वाकलेला दांडा हातोडीने सरळ करून परत वापरायचा मोह आवरा. तो बदलायचाच, कारण पुढच्या वाऱ्यात तो तुटला तर काठीच पाण्यात. त्याच वेळी तार खिडकीच्या कडेला, हॅचला, रेलिंगच्या खांबाला अडकला नाही ना, हेही पाहा. काठी मध्येच जड लागली किंवा आडून बसली तर कारण जवळजवळ नेहमी अडकलेला तार हेच असतं. जोर लावू नका, थोडी वर घ्या, सोडवा, मग पुढे.

मागचा माणूस काठीच्या रेषेत कधीच उभा राहत नाही, बाजूला राहतो. काठी खांद्याच्या उंचीला आली की त्याने ती दोन्ही हातांनी धरून रोलरवर नेऊन ठेवायची. बिजागराजवळ कुणाचीही बोटं नकोत.

पिन काढणं आणि पुढे सरकवणं

काठी टेकली की सुटल्यासारखं वाटतं, पण अजून एक सापळा बाकी आहे. साडेसहा मीटरच्या होडीत पाया नाळेपासून अडीच मीटरवर असेल तर मागचा आधार पायापासून 4 मीटरवर येतो. काठीचा तोलही तिथेच, 4 मीटरवर. शेंड्याकडे तार, दिवे यांचं वजन थोडं जास्त असलं की तोल आधाराच्या पलीकडे जातो, आणि बिजागराची पिन काढताक्षणी काठीचं बूड उसळून वर येतं. ते हनुवटीच्या उंचीला असतं. म्हणून एका माणसाने बुडावर छाती-पोटाचा भार ठेवल्याशिवाय पिन काढायची नाही.

आता श्राउड आणि बॅकस्टे काढा, दांडा उतरवा, मग काठी रोलरवरून पुढे सरकवा. 8 मीटरची काठी या होडीवर पुढे अर्धा आणि मागे एक मीटर बाहेर राहील. पुढे किती काढायची हे गाडी वळल्यावर काठीचं टोक मागच्या काचेला लागतं का, यावर ठरवा, आणि ते निघण्याआधी एकदा पूर्ण वळवून बघा.

बांधणं

तार गुंडाळताना वेटोळं निदान अर्ध्या मीटर व्यासाचं हवं. 3-4 मिलिमीटर जाडीचा, 19 सरींचा हा तार फार वाकत नाही. एकदा घडी पडली की तिथली ताकद गेली. त्यापेक्षा तार काठीला लागूनच सरळ ठेवा आणि दर मीटरला कापडी पट्टीने बांधा. चिकटपट्टी उन्हात तापली की तिचा गोंद काठीला राहतो. स्टीलचा मोकळा तार प्रवासभर अॅल्युमिनियमवर घासला तर काठीला खोल ओरखडे पडतात, त्यामुळे टर्नबकलना जुन्या मोज्यांत घालून बांधा. स्प्रेडर (तारांना काठीपासून दूर धरणारे आडवे दांडे) निघत असतील तर काढा.

गुंडाळायचं शीड (फर्लर) असेल तर पुढचा तार वेगळा सांभाळावा लागतो. त्यावरची अॅल्युमिनियमची पन्हळ वाकली की शीड फिरत नाही. तो तार उतरवताना एका माणसाने शेवटपर्यंत हातात धरून काठीसोबत न्यायचा आणि मग काठीला तीन-चार ठिकाणी बांधायचा. त्याचं खालचं, दोर गुंडाळायचं पिंप काठीच्या बुडाच्याही पुढे येतं, तिथे लाकडी फळीचा आधार द्या.

काठीला आधार तीन ठिकाणी हवेत: पुढे, मागे आणि मध्ये. दोनच असतील तर खड्ड्यांत काठी मधून धनुष्यासारखी उसळते आणि हळूहळू कायमची वाकते. आधारांवर गालिच्याचा तुकडा घाला. प्रत्येक ठिकाणी पट्टी काठीवरून नुसती न टाकता तिला एक वेढा द्या, म्हणजे काठी पुढे-मागे घसरत नाही. अचानक ब्रेक लागला तर 25 किलोचा हा भाला सरळ गाडीच्या मागच्या काचेकडे येतो, म्हणून बुडाला मागे ओढणारी एक वेगळी दोरीही बांधा. बाहेर आलेल्या टोकाला दिवसा लाल फडकं, रात्री लाल दिवा. किती लांबी बाहेर चालते ते तुमच्या भागातल्या वाहतूक नियमांत पाहून घ्या.

तार हातात असतानाच त्यावरून एक जुनं कापड फिरवा, बोटं नकोत. कापड अडकलं तिथे सर तुटलेली आहे, आणि एक सर तुटलेला तार बदलायचा असतो. तारेच्या टोकावरच्या दाबलेल्या जोडणीला भिंगातून बघा. बारीक उभी चीर किंवा गंजाचा ओघळ दिसला तर तीही गेली.

होडीच्या तळाची कील किंवा सेंटरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची फळी) ट्रेलरवर टेकलेलं आहे, त्याच्या दोरीवर लोंबत नाही, हे एकदा खाली वाकून बघा. बूम, नांगर, इंजिन ही सुटी ओझी मागे टाकली असतील तर ती ट्रेलरच्या धुरीच्या थोडी पुढे हलवा. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो.

निघाल्यावर 10-15 किलोमीटरवर गाडी बाजूला घ्या. पट्ट्या या पहिल्या टप्प्यात हमखास सैल पडतात, कारण तोवर काठी गालिच्यात रुतून बसलेली असते. त्या पुन्हा ताणा, आणि उतरलाच आहात तर चाकांच्या मध्याला हात लावून बघा: हात ठेवता येत नाही इतकं तापलेलं असेल तर बेअरिंग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.